ओळंब्यावरचं नवं नाव

सोमवार, ४ मार्च
सकाळी, ऑफिसातून

दादा,

सापडलास! पत्ता नाही, फोन नाही, फोटो नाही, तरी सापडलास. तू कुठेतरी कीबोर्डसमोर बसला आहेस आणि तुझे हात चालताहेत, एवढंच आज सकाळी कळलं. पण तेवढ्यावर मी उगाचच जिना उतरून पुन्हा चढून आले, कारण खुर्चीत बसवेना. समोरच्या टेबलावरच्याने विचारलं, लॉटरी लागली का. मी म्हटलं, त्याहून मोठं.

झालं असं. आल्या आल्या बिल्ड मशीनच्या पडद्यावर लाल ओळ दिसली. त्यात विशेष काही नाही, रोज कुणाचं ना कुणाचं पॅकेज रुसलेलं असतंच. मी पर्स टेबलावर टाकता टाकता नाव वाचलं आणि पर्स खाली पडली. ओळंबा. तुझा ओळंबा, तू लिहिलेला तो प्रोग्रॅम, ज्यात तू घर सोडल्यापासून एक स्वल्पविराम बदललेला नाही. माझ्याकडचं सगळ्यात गुणी बाळ म्हणून मी ज्याचं कौतुक करत फिरते, तेच. मूळ प्रतीचा ठसा जुळत नाही म्हणून मशीनने हात वर केले होते.

पहिला फोन आईला केला. आईला हे समजावणं म्हणजे काय असतं ते तू जाणतोस. तिला म्हटलं, हे बघ, जगभरचे लोक आपापले प्रोग्रॅम आपापल्या जागी ठेवतात. आम्ही ते तिथून आणतो, तपासतो, त्यांची पॅकेजं बांधतो आणि आमची सिस्टिम जिथे जिथे चालते तिथे पोचवतो. पहिल्यांदा आणतो तेव्हा आतल्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढून ठेवतो, तो त्या सामानाचा ठसा. तेच सामान पुन्हा कधीही आणलं तरी ठसा तोच यायला हवा. आत एक अक्षर बदललं तरी तो पार वेगळा येतो. आणि आज दादाच्या जुन्या सामानाचा ठसा वेगळा आलाय.

आई म्हणाली, "म्हणजे कुणीतरी पुडकं सोडून पुन्हा बांधलंय."

"हो."

"मग बांधणारा तिथे आहे."

आम्ही एवढ्या शिकलेल्या बाया-माणसांनी बैठका घेऊन जे ठरवलं असतं ते तिने भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. ती रडली नाही. तो वेळेवर जेवतो का, हे त्या आकड्यात दिसतं का, एवढं तिने विचारलं. नाही म्हटल्यावर, मग तुमचे आकडे काय कामाचे, असं म्हणून फोन ठेवला. बाबांना इतक्यात सांगू नको, हेही मी म्हणायच्या आधी तीच म्हणाली.

आता भांडण. टॅग म्हणजे दिलेला शब्द, ज्या आवृत्तीवर एकदा टॅग लावून ती जगापुढे ठेवली तिला पुन्हा हात लावायचा नाही, हे मला कुणी शिकवलं? कॉलेजात असताना मी माझ्या प्रोजेक्टचा एक टॅग गुपचूप हलवला, तर तू दिवसभर माझ्याशी अबोला धरला होतास. आणि आता स्वतः काय केलंस? एक नाही, सगळे टॅग हलवलेस. प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्या पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत अख्खा इतिहास बदललास, एवढं नुसत्या ठशांवरून दिसतं. प्रत्येक नोंदीचा ठसा आधीच्या नोंदीवर उभा असतो, त्यामुळे तळातली एक बदलली की वरच्या सगळ्या बदलतात, हे मी तुला काय सांगणार. स्वेटर पहिल्या टाक्यापासून उसवून पुन्हा विणलायस तू.

तुला वाटत असेल, वाकडे रकाने सरळ करणारा एवढासा प्रोग्रॅम, त्याचं कुणाला काय पडलंय. दादा, तो कुठे कुठे जाऊन बसलाय याची तुला कल्पना नाही. शाळांचे निकाल त्यातून जातात, रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट जातात. सकाळीच एका लॅबच्या तंत्रज्ञाचा फोन आला. त्याच्या नव्या मशीनवर रिपोर्टचा प्रोग्रॅम चढत नव्हता, कारण त्याला ओळंबा लागतो आणि ओळंबा ठसा जुळल्याशिवाय येत नाही. ठसा तपासणं बंद करू का, असं त्याने विचारलं. मी त्याला असं झापलं म्हणून सांगू. एकाची साखर दुसऱ्याच्या रकान्यात गेली तर?

आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, पॅकेज आत घ्यायचं की नाही यावर शेवटची सही त्यांची. सगळे त्यांना दरवान म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की लेखक गायब आहे आणि त्याचं काम आपोआप हलतंय, म्हणजे घरात चोर शिरलाय असं धरून चालायचं. शुक्रवारच्या बैठकीत ओळंबा ठेवायचा की काढायचा ते ठरेल. काढला तर का काढला हे सगळ्या जगाला सांगावं लागेल. तो लेखक माझा भाऊ आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर काम माझ्याकडून काढून घेतील.

आणि ओळंबा माझ्या वाट्याला आला तो निव्वळ योगायोगाने, कामाच्या वाटणीत. उगाच काही समज करून घेऊ नकोस.

नवा इतिहास अजून उघडलेला नाही. शंका असली की वेगळ्या मशीनवर, दोघांनी शेजारी बसून उघडायचं असा नियम आहे. तोवर हे पत्र तुझ्या नोंदींवरच्या पत्त्यावर धाडते. एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

धाकटी


सोमवार, ४ मार्च
दुपारी

अनोळखी बाई,

नमस्कार लिहिणार होते, पण आधी तुम्ही कोण ते कळू द्या.

सकाळी भावाला लिहिलेलं पत्र परत आलं, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. दुपारी आम्ही त्याच्या प्रोग्रॅमचा नवा इतिहास उघडला. दरवान माझ्या शेजारी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. पहिल्या नोंदीवर तुमचं नाव आणि ज्यावर हे पत्र धाडतेय तो तुमचा पत्ता. दुसऱ्या नोंदीवर तुमचं नाव. मी खाली जात राहिले आणि तुमचं नाव माझ्याबरोबर खाली येत राहिलं. माझ्या भावाचं नाव एका ठिकाणी नाही. जणू असा माणूस कधी झालाच नाही. दरवान म्हणाले, चोर साधारणपणे नाव लपवतो, ही तर पाटी लावून बसलीय.

आणि आडनाव आमचं!

त्यावर मी जी खुर्चीतून उठले ती थेट पाणी प्यायला गेले. पाणी पिताना एक विचार आला आणि ठसकाच लागला. तुम्ही माझ्या वहिनी तर नाही?

असाल तर आधी मनापासून स्वागत. आमच्या घरात एक माणूस वाढलं आणि आम्हाला पत्ता नाही, याबद्दल तुमच्या नवऱ्याचा कान धरायला मी कधी येऊ ते कळवा. आईला किती आनंद होईल हे मी लिहीत बसत नाही. पण वहिनी, लग्न केलं म्हणून नवऱ्याच्या दहा वर्षांच्या कामावर स्वतःचं नाव घालायचं ही कुठली रीत? त्यातल्या काही नोंदी आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर लिहिल्या गेल्या आहेत. मी समोर बसून त्याला जेव रे, जेव रे म्हणत होते. तेव्हा तुम्ही कुठे होतात?

आणि वहिनी नसाल तर ऐका. सुरक्षा-सूचनेचा मसुदा मी माझ्या हाताने लिहून दरवानांकडे दिला आहे. त्यात तुमचं पूर्ण नाव आहे, आणि या नावाच्या व्यक्तीने दुसऱ्याचं काम बळकावलं आहे, तिच्याकडून आलेलं काहीही घेऊ नका, असं स्वच्छ शब्दांत लिहिलं आहे. शुक्रवारच्या बैठकीची वाट न बघता गुरुवारी सकाळीच तो निघेल. एकदा निघाला की जगभरातल्या मशीन सांभाळणाऱ्यांकडे जाईल आणि परत घेता येणार नाही. मला लिहिता चांगलं येतं असं माझा भाऊ म्हणायचा. मसुदा फार चांगला झालाय.

तेव्हा चोर की वहिनी, एकदा ठरवा आणि कळवा.

आणि काही कळवायचं नसेल तर निदान तो कसा आहे ते सांगा. थंडीत त्याला खोकला होतो आणि तो डॉक्टरकडे जायचं टाळतो. मागे लागावं लागतं.

ओळंब्याचं पॅकेज सांभाळणारी


बुधवार, ६ मार्च
सकाळी

दादा,

हे पत्र कुठे पाठवायचं ते माहीत नाही. तरी लिहितेय, कारण तुझ्याशी बोलल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, आणि आज ते नुसतं धावतंय.

बाईंचं उत्तर नाही. काल दिवसभर वाट पाहिली आणि मग म्हटलं, माणसं बोलत नसतील तर फाइलींना विचारू. आमच्याकडे तुझं जुनं पुडकं जसंच्या तसं जपून ठेवलेलं आहे. आणलेलं मूळ सामान आम्ही कधी फेकत नाही. आज सकाळी मी जुनं एका बाजूला ठेवलं, नवं दुसऱ्या बाजूला आणि मशीनला म्हटलं, दाखव फरक.

फरक नाही, दादा! म्हणजे प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लेखकाचं नाव असतं, तेवढं बदललंय. बाकी अक्षर न् अक्षर तेच. सगळ्या आवृत्त्या लावून पाहिल्या. रकाने मोजायची ती तुझी वेडीवाकडी पद्धत तशीच आहे, आणि "हे का चालतं मला माहीत नाही, हात लावू नये" ही तुझी टीपसुद्धा तशीच. चोर घरात शिरतो, काही नेत नाही, काही ठेवत नाही, फक्त दारावरची पाटी बदलतो आणि जातो? असला कसला चोर?

मी धावत दरवानांकडे गेले. ते म्हणाले, आज काही बदललं नसेल, उद्या बदलेल, आधी विश्वास कमवायचा आणि मग दगा द्यायचा ही जुनी युक्ती आहे. बरोबर आहे त्यांचं. मग टॅगवरची सही तपासली; ती लेखकाकडच्या गुप्त डिजिटल किल्लीनेच करता येते. नवे टॅग ज्या किल्लीने सही केलेत ती तुझीच किल्ली निघाली, तीच, जुनी, फक्त तिच्यावर आता या बाईंचं नाव जोडलंय. दरवान म्हणाले, किल्ली चोरीला जाते. मी म्हटलं, त्या किल्लीचा पासवर्ड त्याने कधी मलासुद्धा सांगितला नाही. हे बोलून गेल्यावर मी जीभ चावली, पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

म्हणजे एक तर तू स्वतः हे तिला करू दिलंस, नाही तर. नाही तर काय ते सुचत नव्हतं. वहिनीवर इतका जीव की आपलं सगळं तिच्या नावावर? तू प्रेमात पडलास तर असंच काहीतरी अचाट करशील, हे मला पटत चाललं होतं. मनातल्या मनात मी तिला माफही केलं.

फाइली संपल्या. राहिल्या होत्या नोंदींवरच्या टिपा, प्रत्येक बदलाबरोबर तू दोन शब्द लिहायचास त्या. त्याही समोरासमोर लावल्या. शेकडो नोंदी, सगळ्या तशाच. "रकाना सरळ केला." "पुन्हा सरळ केला." "आता झोपतो." मशीन शेवटाला येऊन म्हणालं, एका ठिकाणी फरक आहे.

सगळ्यात पहिली नोंद. ओळंबा सुरू केलास त्या दिवसाची. जुन्यात असं आहे:

"धाकटीच्या प्रोजेक्टमधले रकाने वाकडे येतात आणि ती रडते, म्हणून हा प्रोग्रॅम. तिचा भाऊ."

नव्यात असं आहे:

"धाकटीच्या प्रोजेक्टमधले रकाने वाकडे येतात आणि ती रडते, म्हणून हा प्रोग्रॅम. तिची बहीण."

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. वहिनी असं लिहिणार नाही. चोराला तर मी कोण हेच माहीत नसणार. माझी बहीण कोण? मला बहीण नाही. मला एक दादा आहे, तो बाबांशी भांडून घरातून गेला. भांडण कशावरून हे कुणीच मला धड सांगितलं नाही. जाताना दारात माझ्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "वेळ आली की सांगेन."

मी हात मांडीवर ठेवून बसलेय. हे पत्र इथेच थांबवते, कारण वरचा मायना चुकलाय.


बुधवार, ६ मार्च
त्यानंतर लगेच

ताई,

लिहिलं. बघ, काही अवघड नाही. मी आधी कागदावर लिहून पाहिलं, मग तोंडाने म्हणून पाहिलं, मग इथे लिहिलं.

सोमवारचं ते पत्र तुला मिळालं असेल. कुठे तोंड लपवू सांग. स्वतःच्या बहिणीला मी चोर म्हटलं, वहिनी म्हटलं आणि वर सुरक्षा-सूचनेची धमकी दिली. वहिनी वाचून तू हसली असशील अशी आशा करतेय. बाकीचं वाचून काय झालं असेल त्याचा विचार करवत नाही. बाई म्हणून ज्या नावाने जगायला तू एवढं सगळं सोडून गेलीस, तेच नाव मी जगभर चोराचं म्हणून पाठवायला निघाले होते, आणि तेही झोकात लिहून.

सूचना थांबवली. पळतच गेले. दरवानांनी ती उद्या सकाळसाठी लावून ठेवली होती. मी म्हटलं, काढा ती, माझी चूक झाली, ती चोर नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, कशावरून. मी म्हटलं, शुक्रवारी सांगते. त्यांनी सूचना बाजूला ठेवली. काढली नाही, बाजूला ठेवली.

आता तुझ्या नावाबद्दल. माझी वेणी घालताना तू गोष्टी सांगायचीस आणि प्रत्येक गोष्टीत एक घोड्यावरून पळणारी मुलगी असायची, नेहमी त्याच नावाची. राजवाडा असो, समुद्र असो, ती यायचीच. सोमवारपासून मी तिचंच नाव पडद्यावर वाचत होते आणि माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला नाही. ताई, इतकी वर्षं मला वाटत होतं ती मुलगी म्हणजे मी.

राग आहे, तोही सांगून टाकते. बाबांना नसतं सांगितलंस तर मी समजू शकले असते. मला का नाही सांगितलंस? मी काय केलं असतं? फार तर तुझ्या कपाटातले चांगले शर्ट मागून घेतले असते. तू गेलीस आणि मी जेवणाच्या टेबलाशी एकटी तुझ्या खुर्चीकडे बघत बसले. ओळंबा वाटणीत आला वगैरे मी लिहिलं ते खोटं. मी तो मागून घेतला. मागे लागून घेतला. कधीतरी तू त्याला हात लावशील आणि लावलास की सगळ्यात आधी मला कळेल, म्हणून. माझ्याकडची बाकीची पॅकेजं मी कामासाठी सांभाळते. हे एक मी दार उघडं ठेवल्यासारखं सांभाळत होते.

आता कामाचं, नीट वाच. शुक्रवारच्या बैठकीत ओळंब्याचं ठरणार. आमच्याकडे जुनी पद्धत आहे: ज्या लेखकाबद्दल शंका आहे त्याच्यासाठी कुणी उभं राहणार असेल, तर त्याने सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं की आपण त्याला कसे ओळखतो. ते बैठकीच्या वृत्तांतात जातं आणि वृत्तांत कुणालाही वाचता येतो. मी उभी राहणार आहे. पण काय बोलायचं ते तू ठरवायचं. तुझं सांगणं तुझं आहे, मी ते माझ्या उत्साहाच्या भरात वाटून टाकणार नाही. नको म्हणालीस तर मी नुसतं "ओळखते" म्हणेन. मग कदाचित ओळंबा बाहेर काढतील आणि ती सूचनाही निघेल. तरी मी एक अक्षर जास्त बोलणार नाही.

आणि एक गोष्ट माझ्या हातात नाही, ती आधीच सांगते. तुझी जुनी पुडकी जिथे जिथे पोचली आहेत तिथून ती परत आणता येणार नाहीत. त्यांच्यावर जुनं नाव राहील. पण इथून पुढे जो ओळंबा मागेल त्याला तुझ्या नावाचा मिळेल, एवढं मी करू शकते, आणि ते करायला मी जीव टाकेन.

लवकर लिही, ताई.

धाकटी


शुक्रवार, ८ मार्च
दुपारी, बैठकीनंतर

ताई,

काल तुझं उत्तर आलं तेव्हा मी पुन्हा जिना उतरून चढले. समोरच्याने यावेळी काही विचारलं नाही. पत्र एवढुसं, पण मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "टॅग हलवणं चूक आहे हे मला माहीत आहे. पण स्वतःचंच काम उघडायचं आणि पानोपानी दुसऱ्याच माणसाचं नाव वाचायचं, ते आता सोसवत नव्हतं. तू वाचशील असंही कुठेतरी वाटत होतं. बैठकीत विचारतील ते खरं सांग. आईला मात्र मीच सांगेन. आणि वहिनी वाचून मी दिवसभर हसले."

हसलीस! मला बाकी काही नको.

आता बैठक. लांब टेबल, आठ-दहा माणसं, बाकीचे भिंतीवरच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत. मी चहाचा कप धरून बसले होते. दरवानांनी ओळंब्याचं नाव घेतलं आणि मी उभी राहिले. फाइलींमधला फरक सांगितला, किल्लीचं सांगितलं. आवाज बरा लागला. मग त्यांनी विचारलं की इतिहास बदलला तो कशासाठी.

मी म्हटलं, "लेखिकेने आपलं नाव बरोबर करून घेतलंय. बाकी कशाला हात लावलेला नाही."

"तू तिला ओळखतेस?"

"ती माझी मोठी बहीण आहे."

ताई, मी हे वाक्य आरशासमोर म्हटलं होतं, बसस्टॉपवर पुटपुटले होते. पण माणसांसमोर म्हटल्यावर ते वेगळंच लागलं. असं वाटलं की आता ते झालं, आता त्याला कुणी ना म्हणू शकत नाही. डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले.

दरवान चष्मा नाकावर घेऊन पडद्यावर काहीतरी शोधत राहिले. मला वाटलं, नात्यातली आहे म्हणून आता काम काढून घेणार. ते म्हणाले, "ओळंबा तू मागून घेतलास तेव्हाचा वृत्तांत माझ्यासमोर आहे. त्यात तू सांगितलं आहेस, लेखक माझा मोठा भाऊ आहे."

मी ते साफ विसरले होते. तेव्हा हे दरवान नव्हते, दुसरे होते, त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. चौकोनांतली माणसं पडद्याजवळ सरकली. सगळ्यांना काय ते कळलं, हे मला दिसत होतं.

"मग यातली बरोबर नोंद कोणती?" दरवानांनी विचारलं. आवाजात काही नव्हतं, रोज आवृत्तीचा क्रमांक विचारतात तसा विचारला.

"आजची," मी म्हटलं. "तेव्हा मला माहीत नव्हतं. दुरुस्त करून घ्या."

आमचा वृत्तांत खोडता येत नाही, त्यात फक्त खाली भर घालता येते. आणि जे लिहायचं ते मोठ्याने वाचत लिहायचं असा रिवाज आहे. दरवान दोन बोटांनी टाइप करतात. एकेक अक्षर दाबत, सगळ्यांसमोर, सावकाश वाचत त्यांनी लिहिलं, "दुरुस्ती. ओळंब्याची लेखिका ही पॅकेज सांभाळणारीची मोठी बहीण आहे." मग वर बघून विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. कुणालाच नव्हतं. मग ते म्हणाले की नात्यातली असल्याने माझी एकटीची तपासणी धरता येणार नाही, पण जुनं-नवं त्यांनी स्वतः काल बसून ताडून पाहिलंय, तेव्हा ओळंबा राहतोय. बाजूला ठेवलेली ती सूचना त्यांनी तिथेच, माझ्या डोळ्यांदेखत, काढून टाकली.

"आणि तुझ्या बहिणीला सांग," ते म्हणाले, "पुढच्या वेळी टॅग हलवायचे असतील तर आधी कळव. लोकांची झोप उडते."

घे, सांगितलं. आता पुढचा मुद्दा, म्हणाले, आणि कुणाच्या तरी फॉन्टच्या पॅकेजवर वाद सुरू झाला. मी अजून उभीच होते. शेजारच्याने माझी बाही ओढून मला बसवलं.

तासाभराने नवा ओळंबा निघाला. नवा क्रमांक, नवा ठसा, सोबत एक छोटी टीप की जुने टॅग का हलले. टिपेत एवढंच आहे की लेखिकेने नाव दुरुस्त केलं. लॅबच्या तंत्रज्ञाचा फोन आला, चढला म्हणाला, आणि आमचे रिपोर्ट सरळ येताहेत असंही म्हणाला. त्याला काय ठाऊक मी इथे का नाचतेय ते. मग मी माझ्याच मशीनवर ओळंबा मागवला आणि लेखकाच्या ओळीत तुझं नाव येईपर्यंत पडद्यासमोर बसून राहिले. आलं.

आता आईचं. ती रोज विचारते, पुडकं बांधणाऱ्याचं काही कळलं का. मी "खुशाल आहे" म्हणते आणि लगेच विषय बदलते, कारण पुढचं सांगणं तुझं आहे. पण फार लांबवू नकोस. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि चांगलंच म्हणेल असं वचन मी तुला देणार नाही. रविवारी दुपारी बाबा बाहेर जातात आणि ती घरी एकटी असते. नंबर तोच आहे. आपल्याला कायम दटावायची ना, अनोळखी नंबर उचलू नका म्हणून? तू गेल्यापासून ती प्रत्येक अनोळखी नंबर पहिल्याच घंटीला उचलते.

तुझी,
धाकटी